गणपतराव देशमुख : 'एसटीने येणारे आमदार' एवढीच ओळख का उरावी?

माणकाठ (धागालेखक)

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात, त्या जिल्ह्यातील सांगोल्याचे माजी आमदार गणपतराव देशमुख यांचे निधन झाले. तेव्हापासून आजवर त्यांच्याविषयी जे काही माझ्या वाचनात आले, त्यातील बहुतेक मजकूर एकाच वळणाचा आहे. एक पक्ष, एक मतदारसंघ, अकरा विजय, एसटीचा प्रवास आणि साधी राहणी, एवढ्यावर लेख संपतो. हे सारे खरे आहे आणि आदरास पात्रही आहे. परंतु पन्नासहून अधिक वर्षे विधानसभेत बसलेल्या माणसाने तिथे नेमके काय केले, हा प्रश्न त्या साधेपणाच्या गोष्टींखाली दबून जातो, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा धागा काढला आहे.

प्रथम घटनाक्रम मांडतो. वकिलीचे शिक्षण घेतलेला हा तरुण शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) आला. १९४७-४८ च्या सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदींनी हा पक्ष उभा केला होता आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याला मार्क्सवादी विचाराची बैठक दिली होती. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ साली झाली. त्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या आणि शेकापला १५ मिळाल्या. त्या पंधरांत सांगोल्याचे गणपतराव होते. १९६७ ला ते पुन्हा निवडून आले. १९७२ ला पराभूत झाले, मात्र १९७४ च्या पोटनिवडणुकीत जागा परत मिळवली. पुढे १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग चार विजय आले. १९९५ ला दोनशेहूनही कमी मतांनी ते हरले, आणि १९९९, २००४, २००९ व २०१४ ला पुन्हा निवडून आले. शेवटच्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी कधीच ओलांडली होती.

या सगळ्या काळात ते सत्तेत बसले ते दोनदाच. पहिल्यांदा १९७८ साली शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात, जे फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. आणि दुसऱ्यांदा १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात, जिथे त्यांच्याकडे रोजगार हमीचे खाते होते. २००२ मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढला आणि तेही बाहेर पडले. उरलेली सारी वर्षे विरोधी बाकावर गेली. म्हणजे ज्याला आपण आमदाराचे 'काम' समजतो, निधी आणणे, भूमिपूजन करणे, बदल्या करून घेणे, त्या कामाची साधने या माणसाच्या हाती जवळजवळ कधीच नव्हती. तरीही लोक त्यांना निवडून देत राहिले. का?

माझे उत्तर असे आहे की, त्यांनी दुष्काळ हा मदतीचा विषय न ठेवता हक्काचा विषय केला, आणि तो हक्क कायद्याच्या व पाणीवाटपाच्या भाषेत मांडला. ज्यांना त्या तालुक्याचा अनुभव आहे, त्यांनी कृपया लिहावे. नुसत्या आठवणींपेक्षा कामाविषयी लिहिलेत तर अधिक बरे.

कोरडवाहू

माणकाठ, धागा काढलात हे फार चांगले केलेत. मी सांगोला तालुक्यातलाच आहे, तेव्हा रोजगार हमीविषयी जे पाहिले ते लिहितो.

आमच्याकडे पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी असते. तिच्या पात्रात पाण्याऐवजी वाळू पाहतच आमची पिढी वाढली. १९७२ चा दुष्काळ माझ्या आईने पाहिलेला होता. खडी फोडायला रोज चार-पाच मैल चालत जायचे, दुपारी सुकडी (दुष्काळी कामावर वाटला जाणारा कोरडा खाऊ) मिळायची, आणि संध्याकाळी मुकादमाने हजेरीपटावर आपले नाव नीट लिहिले की नाही याची धाकधूक घेऊन परत यायचे. ती सांगत असे की त्या दिवसांत भुकेपेक्षा त्या हजेरीपटाची भीती जास्त वाटे, कारण नाव सुटले तर दिवस वाया. दाद कोणाकडे मागायची हे माहीत नव्हते, कारण काम मिळणे ही सरकारची कृपा होती.

रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कायद्याने चित्र बदलले ते एका वाक्यात सांगता येते: काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागण्याचा अधिकार आला. योजनेचे जनक वि. स. पागे, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यांचे श्रेय दुसऱ्या कोणाला देण्याचे कारण नाही. पण कायदा मुंबईत होतो आणि अर्ज गावात लिहावा लागतो. आमच्या भागात शेकापचे कार्यकर्ते काय करीत असत, तर काम मागणीचे अर्ज भरून घ्यायचे, पोच घ्यायची आणि पोच जपून ठेवायला सांगायचे. माझ्या आईच्या पत्र्याच्या पेटीत अशा पोचपावत्या तिच्या अखेरपर्यंत होत्या. तिला वाचता येत नव्हते, पण त्या कागदाला किंमत आहे हे तिला कोणीतरी शिकवले होते.

दुसरी गोष्ट डाळिंबाची. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली. स्वतःच्या शेतात खड्डे खणायचे, रोपे लावायची, आणि त्या कामाची मजुरी योजनेतून मिळायची. रोपे जगली तरच पुढच्या वर्षाचे अनुदान. आमच्या वडिलांनी खडकाळ माळावर दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असे खड्डे पहारीने खणले. पहिला फूट सुटला की खाली मुरूम लागायचा आणि पहार वाजायची. उन्हाळ्यात ते खड्डे तापू द्यायचे, मग शेणखत आणि पोयटा (गाळाची माती) भरायचा. त्या माळावर तोवर बाजरीसुद्धा धड येत नव्हती. आज सांगोल्याचे डाळिंब देशभर माहीत आहे; २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली ती सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. हे सगळे एका माणसाने केले, असे मी म्हणणार नाही. परंतु सरकारी योजना कागदावरून खड्ड्यापर्यंत उतरली त्यामागे त्या तालुक्याला लागलेली, लेखी मागून पोच घेण्याची सवय होती. ही सवय लावण्यात आबासाहेबांचा (आम्ही त्यांना आबासाहेब म्हणतो) वाटा मोठा आहे.

नोंदवही

चर्चा चांगली चालली आहे. एका मुद्द्याची मात्र दुरुस्ती आवश्यक वाटते. गणपतराव 'देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार' असे अनेक ठिकाणी लिहिले जाते. ते बरोबर नाही. तमिळनाडूचे एम. करुणानिधी १९५७ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले आणि एकदाही पराभूत झाले नाहीत, पण त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ पासून तेरा वेळा विजयी झाले, त्यांपैकी १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही. ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर अकरा विजयांचा मान गणपतरावांचाच आहे.

ही दुरुस्ती त्यांचे मोठेपण कमी करण्यासाठी लिहिलेली नाही. मणी अनेक मंत्रिमंडळांत अर्थमंत्री होते, चंडी मुख्यमंत्री झाले, करुणानिधी तर पाच वेळा मुख्यमंत्री. सत्ता जवळ असताना मतदारसंघ टिकवणे आणि सत्तेपासून दूर राहून तो टिकवणे, यांत फरक आहे. गणपतरावांची तुलना करायचीच असेल तर ती या निकषावर करावी, आकड्यावर नव्हे.

भीमातीर

मी शेजारच्या तालुक्यातला आहे आणि गणपतरावांविषयी मला आदर आहे. तरीही एक अवघड प्रश्न विचारतो, कारण तो विचारला गेला नाही तर हा धागा श्रद्धांजलीचा होईल.

भीमेवरच्या उजनी धरणाच्या पाण्यावर आमच्या परिसरात ऊस उभा राहिला, कारखाने आले, पतसंस्था आल्या, आणि त्यांच्यामागे सत्ताधारी पक्षाचे आमदार होते. त्याच जिल्ह्यात सांगोला मात्र दशकानुदशके टँकरची वाट पाहत राहिला. आमदार जर सतत विरोधी बाकावर बसत असेल, तर त्याची किंमत मतदारांनी मोजली नाही काय? तत्त्वनिष्ठा ही नेत्याची असते, पण तहान जनतेची असते. १९६२ साली निवडून आलेल्या आमदाराच्या तालुक्यात कालव्याचे पाणी पोहोचायला नवे शतक उजाडावे लागले, या वस्तुस्थितीकडे आपण कसे पाहावे?

माणकाठ

भीमातीर, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर असे की, होय, किंमत मोजली गेली. ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दोन गोष्टी त्याच्या शेजारी ठेवाव्या लागतील.

पहिली गोष्ट भूगोलाची. सांगोल्याच्या बाजूने धरण बांधावे अशी बारमाही नदी नाही. माण साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातूनच उगम पावते आणि आटपाडी, सांगोला, मंगळवेढा असा कोरडा प्रवास करून भीमेला मिळते. पाणी आणायचे तर ते दुसऱ्या खोऱ्यातून, उचलूनच आणावे लागणार. आणि उचलून पाणी देणे म्हणजे विजेचा खर्च, पंपगृहे, बोगदे आणि सर्वांत मुख्य म्हणजे 'आमच्या वाट्याचे पाणी वरच्या माळाला का द्यायचे' हा नदीकाठचा विरोध. शेजारचेच आटपाडी, जत, कवठे महांकाळ पाहा. तिथून सत्ताधारी पक्षाचेही आमदार अनेकदा निवडून आले, पण त्या तालुक्यांनाही पाणी लवकर मिळाले नाही. तेव्हा उशीर हा केवळ विरोधी बाकाचा परिणाम मानता येत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी सातारा, सांगली, सोलापूर भागातील तेरा दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न एकत्र मांडला. याचे वेगळेपण असे की, एकेका आमदाराने आपल्या तालुक्यासाठी योजना मागायची, ही रीत त्यांनी सोडली आणि कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी सर्वांना न्यायाने वाटले जावे, अशी मागणी केली. 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द आज सरकारी कागदांतही दिसतो; त्या वेळी तो परिषदेच्या मांडवात बोलला जात होता.

त्याच सुमारास एक कायदेशीर निकडही होती. राज्याराज्यांत कृष्णेचे पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने तिचे ५६० अब्ज घनफूट पाणी महाराष्ट्राला दिले होते आणि मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. पाणी अडवले नाही तर हक्क कमकुवत होईल, या धास्तीने १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांना गती आली. टेंभूचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी करीत सांगोल्याकडे येते. मूळ आराखड्यात सुमारे ८० हजार हेक्टर क्षेत्र होते.

आता वर्षे नीट पाहा. १९९५ ला गणपतराव हरलेले आहेत. १९९९ पर्यंत ते सभागृहात नाहीत. ज्या चार वर्षांत त्यांच्या तालुक्याच्या पाण्याचा कागदोपत्री निर्णय होत होता, त्या चार वर्षांत त्यांच्याकडे आमदारकीसुद्धा नव्हती, तरी ते पाणी परिषदेच्या व्यासपीठावर होतेच. लोकांनी १९९९ ला त्यांना परत पाठवले, त्याचे कारण मला या चार वर्षांत दिसते. एसटीच्या गोष्टींत ही वर्षे येत नाहीत, याची मला खंत आहे.

प्रेक्षकसज्जा

मी काही वर्षे विधिमंडळाच्या कामकाजाचे वार्तांकन केले आहे. विरोधी आमदाराच्या हाती साधने नसतात, असे धागालेखकांनी सुरुवातीला लिहिले. त्यात थोडी भर घालतो. निधीची साधने नसतात, पण आयुधे असतात, आणि ती वापरण्यासाठी अभ्यास लागतो.

तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी कसोटी उपप्रश्नात असते. लेखी उत्तर खात्याने तयार केलेले असते. त्यातली पळवाट ओळखून नेमका उपप्रश्न विचारला की मंत्र्याला आश्वासन द्यावे लागते, आणि दिलेले आश्वासन आश्वासन समितीपुढे जाते, म्हणजे ते हवेत विरत नाही. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पी मागण्यांवर कपात सूचना. विधेयक खंडशः चर्चेला येते तेव्हा एखाद्या शब्दाची दुरुस्ती सुचवता येते, आणि कधीकधी त्या एका शब्दावर हजारो कुटुंबांचा हक्क अवलंबून असतो.

शेकापची परंपरा या बाबतीत समृद्ध होती. कृष्णराव धुळप, उद्धवराव पाटील, दत्ता पाटील, दि. बा. पाटील, केशवराव धोंडगे, एन. डी. पाटील ही नावे घेतली की जुने अधिकारी आजही सावरून बसतात. गणपतराव या फळीतले. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेचे विरोधी पक्षनेते होते. त्यांचा आवाज चढत नसे. ते आकडे आणि कलमे घेऊन बोलत, आणि सभागृह ऐकून घेई. गोंधळ घालून कामकाज बंद पाडणाऱ्या आमदाराची बातमी होते, उपप्रश्नाची होत नाही. आमच्या व्यवसायाने ही चूक वर्षानुवर्षे केली, हे मी स्वच्छ मनाने कबूल करतो. त्यामुळेच आज त्यांच्या कामाविषयी लिहायला बसले की प्रवासाचे किस्से पटकन सापडतात. सभागृहातले काम मात्र कार्यवाहीच्या बांधीव खंडांत शोधावे लागते.

एक लहानशी गोष्ट सांगतो. रोजगार हमीसाठी पैसा यावा म्हणून १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. आजही वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत तो कापला जातो. शहराच्या पगारातून गावच्या मजुराला काम, हा विचार सभागृहात ज्यांनी टिकवून धरला, त्यांत विरोधी बाकांवरच्या डाव्या आमदारांचा वाटा मोठा होता. पगारपत्रकात ती ओळ दिसते तेव्हा ती कोणाच्या भांडणातून आली, याची आपल्याला कल्पना नसते.

सूतधागा

सहकारी सूतगिरणीचा उल्लेख राहिला. सांगोल्यात कापूस पिकत नाही, तरी तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली. पुढे महिलांचीही स्वतंत्र गिरणी झाली. राज्यातल्या कितीतरी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, अवसायनात गेल्या. सहकारी संस्था हे निवडणुकीचे हत्यार मानायचे की रोजगाराचे साधन, यावर तिचे आयुष्य ठरते.

भीमातीर

माणकाठ, वर्षांचा मुद्दा पटला. १९९५ ते १९९९ हा काळ मी असा जोडून पाहिला नव्हता. शेजारच्या तालुक्यांचा दाखलाही मान्य. तरी माझा अर्धा प्रश्न उरतोच. एवढ्या ताकदीच्या माणसाला पक्ष वाढवता का आला नाही? १९६२ ला पंधरा आमदार असलेला शेकाप २०१४ ला तीनवर आला, आणि २०२४ ला एकावर.

माणकाठ

याचे उत्तर एका माणसात शोधू नये, असे मला वाटते. कूळकायदा, सहकार आणि साखर कारखानदारी यांतून काँग्रेसने शेकापचाच शेतकरी आधार आपल्याकडे वळवला. बहुजन समाजातले अनेक नेते सत्तेकडे गेले. जे राहिले ते रायगड, सांगोला, कंधार अशा बेटांवर राहिले. गणपतराव धनगर समाजातले होते आणि त्या समाजाची वस्ती तालुक्यात मोठी आहे, म्हणून ते निवडून येत, असे सोपे स्पष्टीकरणही दिले जाते. परंतु केवळ जातीचे गणित असते तर १९७२ आणि १९९५ चे पराभव झाले नसते, आणि इतर समाजांची गावे त्यांच्यामागे इतकी वर्षे राहिली नसती.

पुढची फळी उभी करण्यात मात्र ते कमी पडले, हे मला मान्य करावे लागते. २०१९ ला वयामुळे ते थांबले तेव्हा उमेदवारी नातवाकडे गेली आणि अगदी थोड्या मतांनी जागा हातची गेली. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडून निवडून आले. लोकांनी दिलेला तो कौल आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. तरीही ज्या पक्षाने घराणेशाहीवर टीका केली, त्याच्या सर्वांत निष्ठावान नेत्याच्या मागे कार्यकर्त्यांतून नाव पुढे येऊ नये, हे मनाला लागते.

कोरडवाहू

शेवटी आजची स्थिती सांगतो, कारण भीमातीर यांनी तहानेचा विषय काढला होता.

आबासाहेब गेले त्याच सुमारास आमच्या डाळिंबावर खोडकिडीचा मोठा हल्ला झाला. खोडाला सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसत, त्यातून भुकटी गळे आणि पंधरवड्यात झाड पिवळे पडे. वडिलांनी खणलेल्या खड्ड्यांतली झाडे मी स्वतः मुळासकट काढली आणि बांधावर रचून जाळली. माझ्यासारखे शेकडो जण होते.

आता ओढ्याला काही आवर्तनांत (पाणी सोडण्याच्या पाळ्यांत) टेंभूचे पाणी येते. सगळ्या गावांना नाही, आणि दरवेळी वेळेवरही नाही. मागच्या वर्षी आमचे गाव आवर्तनातून सुटले, तेव्हा चौदा जणांनी मिळून पाण्याच्या मागणीचे अर्ज भरले. संबंधित कार्यालयातल्या माणसाने सांगितले की अर्ज ठेवून जा. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या मावशीने जागेवरून न हलता त्याला म्हटले, 'पोच दे बाबा, मग जातो.' त्याने शिक्का शोधला, चौदा पोचा दिल्या. त्या मी आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत.